कड आणि कडेवर

ब्रेस नवा कोरा होता, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

तो देऊन महिना होऊन गेला होता. सात महिन्यांच्या बाळाच्या अंगावर महिनाभर दिवसरात्र असलेली वस्तू कशी दिसते, हे मला चांगलं ठाऊक आहे. वेल्क्रोमध्ये केस आणि दुपट्याचे धागे अडकतात, कडांना नाचणीच्या सत्त्वाचे डाग पडतात, आणि वास असा येतो की तो फक्त जन्मदात्रीने सहन करावा. माझ्या टेबलावरच्या या ब्रेसला मात्र दुकानाचा वास येत होता.

"रोज घालता ना?" मी विचारलं.

"हो मॅडम," सना म्हणाली.

"दिवसरात्र," तिच्या सासूबाई म्हणाल्या.

दोघींनी उत्तर एकदम दिलं आणि एकमेकींकडे मात्र बघितलं नाही. बाळ, म्हणजे झोया, शेजारी बाबागाडीत पाय लांब करून स्वतःच्याच मुठी चोखत पडली होती.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. पनवेलच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात बरीच वर्षं काढली आहेत. फिजिओ म्हणजे गुडघ्याला शेक देणारी बाई असा लोकांचा समज असतो. माझे पेशंट चालायला न लागलेले, बोलता न येणारे आणि मला बघून भोकाड पसरणारे असतात. त्यांच्या वतीने घरची माणसं बोलतात, आणि घरची माणसं थापा मारतात. थापेचा मला राग येत नाही. थाप धड मारता आली नाही की येतो.

झोयाचं दुखणं आधी सांगते. मांडीचं हाड जिथे कमरेला जोडलेलं असतं तो सांधा म्हणजे खुबा. हाडाचं टोक लाडवासारखं गोल असतं आणि त्याच्यासाठी कमरेच्या हाडात एक वाटी असते. काही बाळांमध्ये ही वाटी उथळच राहते. वाटीऐवजी बशी म्हणा. बशीत लाडू ठरत नाही, कडेला सरकतो. आईच्या पोटात पायाळू असलेल्या बाळांमध्ये हे जास्त दिसतं, मुलींमध्ये आणखी जास्त. झोया मुलगी आणि पायाळू, दोन्ही. लस देताना डॉक्टरांना तिच्या डाव्या मांडीवरची वळी वेगळी दिसली, तो पाय बाजूला पुरता उघडेना, आणि तिथून ती आमच्याकडे आली.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. बाळाचे दोन्ही पाय बेडकासारखे, गुडघे वर आणि मांड्या फाकलेल्या, असे ठेवायचे. तसे ठेवले की लाडू बशीच्या मधोमध बसतो, आणि वाढत्या वयात त्याच्याभोवती बशी खोल होत जाते. ब्रेस म्हणजे पाय त्या स्थितीत धरून ठेवणारा पट्टा. आंघोळीपुरता काढायचा, बाकी वेळ अंगावर. उलट पाय सरळ करून एकमेकांना चिकटवले की लाडू बाहेरच्या वाटेला लागतो.

आमचे हाडांचे सर ऑपरेशनात निष्णात आणि बोलण्यात काटकसरी. पहिल्या दिवशी त्यांनी या दोघींना दोन वाक्यांत केस समजावली होती. आज त्यांनी नवा एक्स-रे लाइटबॉक्सवर लावला आणि एकच शब्द काढला.

"सर्जरी."

मी दोघींना बाहेर बसवून सरांच्या केबिनमध्ये गेले.

"ब्रेस फेल गेला," सर म्हणाले. "अजून थांबलो तर पुढे जास्त कापावं लागेल."

"ब्रेस फेल गेला नाही सर. तो वापरलाच नाही."

"कशावरून?"

"वास घ्या."

सरांनी वास घेतला नाही, पण हातातलं पेन खाली ठेवलं. मी एका एक्स-रेपुरती मुदत मागून घेतली. पुढच्या एक्स-रेपर्यंत झोया माझी. तेव्हाही बशी तशीच दिसली तर घरच्यांना ऑपरेशनसाठी मी स्वतः तयार करेन. सर म्हणाले, एकच. त्याच्यापुढे नाही.

बाहेर आले तर सनाला सगळं कळलेलं होतं. केबिनचं दार हॉस्पिटलच्या दारांसारखंच आहे, लागत नाही. तिने विचारलं, "तिला भूल देणार? एवढ्याशा जिवाला?" भूल द्यायची, खुबा जागेवर बसवायचा, आणि मग छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून बाळाला कित्येक आठवडे तसंच ठेवायचं, असा तो प्रकार असतो. गरज असेल तिथे मी त्याच्या बाजूने भांडते. पण एका पट्ट्याने होणारं काम पट्टा फ्रीजवर पडून राहिला म्हणून चाकूवर जावं, हे मला पटणारं नव्हतं. फ्रीजचं मला तेव्हा माहीत नव्हतं. ते नंतर कळलं.

मी सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी घरी येते. आणि गुरुवारी दुपारी गेले.

ते करंजाड्याला राहतात. बिल्डिंग नवी, लिफ्ट झकास, आणि गेटबाहेरचा फुटपाथ कुठल्या ना कुठल्या केबलसाठी कायम उकरलेला. कुटुंब मूळचं जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातलं. सनाचा नवरा फैजान मस्कतला नोकरीला आहे, त्याने हा फ्लॅट घेतला. सना स्वतः शारजात वाढलेली, लग्न होऊन इकडे आली. ती एका बँकेचं काम घरून करते. सासूबाईंना सगळी बिल्डिंग दादी म्हणते, म्हणून मीही दादीच म्हणते.

दार शेजारणीने उघडलं. तिचं नाव वंदनाताई. मूळ करंजाडे गावातल्या, आता त्याच मजल्यावर राहतात. एक हात कमरेवर आणि चेहरा कळवळलेला. आत दादी दिवाणावर पाय पसरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या दोन नडग्यांच्या मधल्या घळीत झोया उताणी. तेल लावून, ओढणीत गच्च गुंडाळून, पाय काडीसारखे सरळ. दादी पायांनीच झोके देत होत्या. बाळाला पायांवर घेणं म्हणतात ते हेच. आपल्याकडे न्हाऊमाखू घालण्यापासून झोपवण्यापर्यंत सगळं असंच चालतं आणि बहुतेक बाळांचं त्याने काही बिघडत नाही. झोयाच्या खुब्याला मात्र याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

मला बघून दादींचे पाय थांबले. वंदनाताईंचं लक्षच नव्हतं. त्या माझ्यापुढून जाऊन जमिनीवर पालथ्या पडल्या.

"लावा बाय पाय लवकर," त्या म्हणाल्या. "सकाळधरना उसण भरली हाय, वाकताच येत नाय. कुकर तसाच ठेवून आले."

पायाळू माणसाचा पाय पाठीला लावला की उसण जाते, हा समज आपल्याकडे जुना आहे. वंदनाताईंनी तो या घरात आणला आणि दादींनी मनापासून स्वीकारला होता. सिझेरियन असलं तरी आधी पायच बाहेर आले, खुद्द डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, असं दादींचं म्हणणं. तेव्हापासून सगळ्या मजल्यांवरच्या कंबरा झोयाकडे यायच्या. गुंडाळलेली ओढणी सोडून दादींनी डावा पाय धरला. तोच पाय. गुडघ्यात सरळ केला आणि वंदनाताईंच्या पाठीवर टेकवायला खाली वाकल्या.

मी आयुष्यात पेशंटच्या घरी आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला. दादींच्या हातातून झोयाला अक्षरशः काढून घेतलं. झोया किंचाळली, वंदनाताई उसण विसरून उठून बसल्या, आणि आतल्या खोलीतून कानाला हेडसेट लावलेली सना धावत आली. ब्रेस कुठे आहे, मी विचारलं. सनाने हात वर करून फ्रीजवरून काढून दिला.

मग मला ज्याची खात्री होती तेच सुरू झालं. दोघी भांडल्या, पण माझ्याकडे तोंड करून.

दादींचं म्हणणं, पोर म्हणजे काय बाजारातली ट्रॉली आहे का, ढकलत फिरायला? आमच्यात पोर माणसाच्या अंगावर वाढतं. सनाचं म्हणणं, शारजात तिची आई मॉलमध्ये, बागेत, दवाखान्यात तीन मुलांना गाडी ढकलतच घेऊन गेली, आणि तिघांचे पाय शाबूत आहेत. स्ट्रोलर आईने मुद्दाम पाठवलाय. आणि अम्मींचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे असे की त्यांना पोळी लाटायला उभं राहवत नाही, मग अंगावर म्हणजे कोणाच्या अंगावर?

"तुम्हीच सांगा मॅडम," दोघी म्हणाल्या.

असा प्रसंग माझ्या धंद्यात नेहमीचा आहे. माझ्या ओपीडीत सगळ्या तऱ्हेने बाळं येतात. उरणकडच्या कोळणी बाळाला एका बाजूला कडेवर मारून येतात आणि दुसऱ्या हाताने फाइल पुढे करतात. कातकरी बायका पाठीशी झोळी बांधून येतात. नवीन पनवेलच्या सेक्टरांमधून बाबागाड्या येतात, आणि हल्ली छातीला बाळ बांधून बाबालोकही येतात. प्रत्येकाला वाटतं आपलीच तऱ्हा शास्त्रशुद्ध, आणि डॉक्टरकडून तेवढा एक शिक्का हवा असतो, शेजारणीला, आईला किंवा सासूला दाखवायला. मी कोणाची कड घेत नाही. एकदा कड घेतली की ज्याची घेतली नाही तो माणूस औषध बंद करतो.

म्हणून मी वेगळंच विचारलं. ब्रेस काढता कधी?

सना म्हणाली, स्ट्रोलरमध्ये ठेवतानाच फक्त. ब्रेस घातला की पाय दोन्हीकडे पसरतात आणि ती सीटमध्ये मावत नाही. बाकी वेळ ती अम्मींकडे असते, तेव्हा असतोच की.

दादी म्हणाल्या, मी मालिशला आणि झोपवायला काढते तेवढाच. बाकी वेळ पोर हिच्याकडे असतं, तेव्हा असतोच की.

मग दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. वंदनाताईंनी कंबर चोळणं थांबवलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं एकाच घरात झालं होतं. एकीने दुसरीवर भरवसा टाकला, दुसरीने पहिलीवर, आणि ब्रेस महिनाभर फ्रीजवर हवा खात बसला.

दादींचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "माझी काय खता, काय चूक आहे यात? तुमच्या मोठ्या डॉक्टरांनीच मला सांगितलं, पाय मोकळे ठेवा. पट्टा म्हणजे बांधणंच ना? मी मोकळे ठेवले. त्यांचं ऐकलं मी, सनाची कसम."

मी डोळे मिटून घेतले. सरांचं पहिल्या दिवसाचं एक वाक्य ते हेच. 'पाय मोकळे ठेवा', म्हणजे गच्च गुंडाळू नका, मांड्या उघड्या राहू द्या. दादींनी 'मोकळे'चा मराठीत होतो तोच अर्थ घेतला आणि अगदी इमानाने पट्टा सोडला. गुंडाळायचं त्यांनी थांबवलं नाही, कारण ओढणी त्यांच्या हिशेबी बांधण्यात येत नव्हती, ती माया होती.

"आणि तू?" मी सनाला विचारलं. "गाडीत ब्रेस मावत नाही, कबूल. मग कडेवर घ्यायचं. कडेवर का घेत नाहीस?"

"हाताची सवय लागते," ती म्हणाली.

हे पाठ केलेलं उत्तर होतं. मी नुसती बघत राहिले. दादी काहीतरी बोलणार होत्या, त्यांना हाताने थांबवलं. सनाने हेडसेट काढून टेबलावर ठेवला.

"सर म्हणाले होते, खुबा निसटलाय," ती म्हणाली. "निसटलाय, हाच शब्द. तेव्हापासून मला तिला उचलायची भीती वाटते. मी उचलली आणि माझ्या हातात उरलेलाही निसटला तर? गाडीत ठेवली की निदान माझ्या हातून काही होत नाही. रात्री पाजायलासुद्धा मी आडवी होऊन पाजते, उचलत नाही."

माझा राग तिथे संपला. आत कुठेतरी फार वाईट वाटलं. घरात एक बाई गुडघ्यांमुळे बाळाला उचलू शकत नाही, दुसरी भीतीने उचलत नाही, आणि दोघी एकमेकींवर आरोप काय करतात, तर मूल कसं उचलावं यावरून. त्या पोरीला महिनाभरात धड कोणी कवेत घेतलंच नव्हतं.

मी झोयाला ब्रेस चढवला. ती रडत होती, रडू दिलं. मग उभी राहिले आणि तिला माझ्या डाव्या कमरेवर बसवली. बाळ कडेवर कसं बसतं ते एकदा नीट बघा. एक पाय पोटाकडे, एक पाठीकडे, मांड्या फाकलेल्या, गुडघे वर, बूड खाली. ब्रेस जे करतो तेच आपली कंबर करते. कडेवर घेतलं की पाय फेंगडे होतात असं म्हणणारे मला आजवर फार भेटले आहेत. या पोरीला तेच फेंगडेपण हवं होतं.

"बघ," मी सनाला म्हटलं. "असं घेतलं की लाडू आत जातो. बाहेर नाही. तू उचलल्याने निसटणार नाही, तू उचलल्याने बसेल. घे."

तिने हात पुढे केले आणि मागे घेतले. मी थांबले नाही, बाळ तिच्या अंगाला लावलंच. सना शपथविधीला उभी राहावी तशी ताठ उभी. झोया तिच्यावरून घसरायला लागली.

"कंबर काढ," दिवाणावरून दादी म्हणाल्या. "एका बाजूला काढ कंबर. अशी खांबासारखी उभी राहिलीस तर पोर टिकेल कुठे?"

सनाने कंबर काढली. झोया टिकली. एका मुठीत तिने आईचा कुर्ता पकडला, रडणं हुंदक्यांवर आलं आणि मग नुसतं नाक वाहत राहिलं. सना हलेना. तिचे डोळे भरले होते पण ती पुसू शकत नव्हती, दोन्ही हात बाळाभोवती होते. ते काम वंदनाताईंनी पदराने केलं.

त्यानंतर मी हुकूमशाही लावली. पायांवर घेणं बंद. दादींनी खुर्चीत बसायचं आणि झोयाला एका मांडीवर घोड्यावर बसवतात तसं, तोंड आपल्याकडे करून बसवायचं. मालिश हातांना, पाठीला, पोटाला, ब्रेस अंगावर ठेवून. पाय माझे. वंदनाताईंना सांगितलं, पायाळू पायाचा दवाखाना आजपासून बंद, उसण भरली तर माझ्या ओपीडीत या. त्या म्हणाल्या, "तुमच्या तिकडं लाइन किती असते बाय." ते खरंच आहे.

दादी वाट बघत होत्या की आता बाबागाडीही बंद होणार. सनाही वाट बघत होती. मी गाडी मध्ये ओढली, सीटच्या दोन्ही बाजूंच्या गाद्या काढून टाकल्या, खाली टॉवेलची घडी घातली आणि ब्रेससकट झोयाला आत बसवून दाखवली. बसली. मांड्या उघड्या, गुडघे वर. गाडीचा दोष नव्हता, गाद्यांचा होता. दादींचा जरा हिरमोड झाला, ते त्यांनी लपवलंही नाही.

आणि जाण्याआधी एक केलं, जे मी त्या दिवसापासून प्रत्येक घरात करते. दोघींकडून सूचना परत म्हणवून घेतल्या, त्यांच्या शब्दांत. दादी म्हणाल्या, "पाय मोकळे म्हणजे उघडे, सुटे नाही." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

पुढचे आठवडे मी त्या घराचा पिच्छा सोडला नाही. कधीही व्हिडिओ कॉल करायचे. पहिल्या काही वेळा ब्रेस कॅमेऱ्यासमोर येताना वेल्क्रोचा खर्रकन आवाज यायचा, म्हणजे आत्ताच घातला. मी काही न बोलता फोन ठेवायचे आणि लगेच परत लावायचे. मग तो आवाज बंद झाला. एकदा उकाड्याने मांडीला रॅश आली आणि दादी म्हणाल्या, आज एक दिवस राहू दे. मी राहू दिलं नाही. ब्रेसखाली मऊ सुती मोज्याचा तुकडा घालायला सांगितला. त्या फोनवर मला कठोर बाई म्हणाल्या. मी म्हटलं, आहेच.

फैजानने मस्कतहून विचारलं, ऑपरेशनसाठी सुट्टी टाकून ठेवू का? मॅनेजर आधी सांगा म्हणतो. मी म्हटलं, थांबा. मग त्याने विचारलं की चान्स किती आहे. मला असली गणितं सांगता येत नाहीत आणि सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी म्हटलं, तुमच्या घरातल्या दोन्ही बायका सध्या एका बाजूला आहेत, तेवढा चान्स आहे. तो हसला आणि मग म्हणाला, "मॅडम, मला तिला एकदा तसं कडेवर घ्यायचंय. प्लास्टरमध्ये नको."

एका दुपारी कॉल लावला तर सना मीटिंगमध्ये होती. हेडसेट कानाला, लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आणि झोया कडेवर. सना कोणाला तरी इंग्रजीत झापत होती आणि कंबर आपोआप हलत होती. मी फोन ठेवला. त्यानंतर कॉल कमी केले.

एक्स-रेचा दिवस आला. सरांच्या टेबलावर मी आधी ब्रेस ठेवला. वेल्क्रोत केस, कडांना नाचणी, आणि वास असा की सरांनी खुर्ची मागे सरकवली.

"वास घ्या सर," मी म्हटलं.

"आला," सर म्हणाले.

मग त्यांनी एक्स-रे लाइटबॉक्सवर लावला, त्याच्या शेजारी जुना लावला, आणि बराच वेळ दोन्हींवरून बोट फिरवत राहिले.  नवशिक्या पोरीसारखी मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. लाडू मधोमध होता. बशी अजून वाटी झाली नव्हती, पण बशीही राहिली नव्हती. खोलगट व्हायला लागली होती.

"कंटिन्यू," सर म्हणाले. "सर्जरी कॅन्सल."

"घरच्यांना नीट सांगा सर. पूर्ण वाक्यांत."

सरांनी माझ्याकडे बघितलं, उठले, आणि खरंच बाहेर आले. सना भिंतीशी उभी होती, झोया तिच्या कडेवर. सर म्हणाले, "खुबा जागेवर आला आहे. आता ऑपरेशनची गरज वाटत नाही. ब्रेस अजून काही महिने घालायचा, आणि मूल चालायला लागल्यावरसुद्धा एक्स-रेला येत राहायचं." एवढं ते कोणाशी बोललेले मी क्वचितच ऐकलंय.  सनाने झोयाच्या केसांत तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली, कंबर काढून.

"सांगा, कळलं काय तुम्हाला?" सरांनी विचारलं. हे ते माझ्याकडून शिकले असं मी अजून सगळ्यांना सांगते. ते नाकारतात.

"निसटलेला नाही," सना म्हणाली.

मी ब्रेस आणून झोयाला परत चढवला, तेवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाकडून दादी आल्या. बाबागाडी ढकलत. गाडीत पाण्याची बाटली, एक्स-रेचं पाकीट आणि वाटेत घेतलेली मेथीची जुडी. गाडीच्या दांड्याला धरून त्या मस्त चालत होत्या. सनाने त्यांना सगळं सांगितलं. दादींनी दोन्ही हात वर करून दुआ मागितली, आणि हात सोडल्याबरोबर गुडघ्यात वाकून परत दांडा पकडला. मी म्हटलं, दादी, ही वॉकर नाही, घसरून पडाल, तुम्हाला मी काठी देते. त्या म्हणाल्या, काठीत मेथी मावत नाही.

मग त्यांनी मला खिंडीत गाठलं. "आता तर सांगा. कोणाचं बरोबर होतं? माझं की हिचं?"

सनानेही मान वर केली. सर जाता जाता थांबले.

"मी कोणाची कड घेत नाही, दादी."

"कड घेऊ नका," दादी म्हणाल्या. "पोर घ्या."

झोया आजवर मला बघितलं की रडायची. त्या दिवशी तिने आईच्या कमरेवरून हात पुढे केले. मी तिला घेतली. ब्रेसची कड माझ्या बरगडीत रुतली, वासाने डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे मी तरी तसंच म्हणेन. माझ्या ओपीडीबाहेर पुढचा पेशंट वाट बघत होता. मी दार पायाने ढकललं, झोयाला घेऊनच आत गेले आणि त्याला बोलावलं. वंदनाताई होत्या. उसण भरली होती, आणि लाइनीत उभ्या राहून आल्या होत्या.